मसाल्याचा धूर

मंगळवार, संध्याकाळ

"वेड्या, तुझ्या वहीतला धूर वीजकेंद्राचा नाही, माझ्या आईच्या मसाल्याचा आहे," असं खालच्या घरातली सायली आज गच्चीवर म्हणाली आणि तिथेच सगळं बदललं. कॉलेज सोडून कोळशाच्या त्या धुराड्यांमागे लागलोय, महिनाभर हवा मोजायच्या यंत्राचे आकडे उतरवतोय. आणि यंत्र लावलं कुठे? कठड्यावर, बरोबर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वर! का, ते मला ठाऊक आहे: तिथून ती दिसते. दुपारी आकडा चढला की मी वीजकेंद्राला शिव्या द्यायचो आणि खाली काकू विकायच्या मसाल्यासाठी मिरच्या भाजत असायच्या.

उद्या गावच्या बैठकीत हीच वही वीजकेंद्राच्या साहेबांपुढे ठेवणार होतो. त्यांनी हसत फेकली असती. वाळत घातलेल्या चादरींवर रोज राख बसते, ती खरी आहे. माझी वही खोटी आहे. लपवू? नाही. मीच उठून सांगेन, चुकलो, पुन्हा मोजतो.

"म्हणजे आता गच्चीवर येणार नाहीस?" तिने विचारलं. मी यंत्राची दोरी सोडत राहिलो. मूर्ख!

यंत्र उतरवलंय. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर, सगळ्या चुलींपासून लांब, उजेड आहे तोवर बांधायचंय. वही मिटतो, दार ओढून घेतो आणि निघतो.