फक्कीने आखलेलं घर

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. (तोही कागदावरच. काल दिवसभर ओणवं राहून माझी कंबर धरलीय, त्यामुळे प्रत्यक्षात पाव नमस्कारापुढे जात नाही.) तुझा गुडघा कसा आहे? मशीनचं पायडल अजून एकाच पायाने मारतेस का? इकडे सगळे मजेत, आई तर जरा जास्तच.

पत्र आभारासाठी आहे. तू म्हणाली होतीस, ब्लाउज काय कागदावर बघून बसतो का, आधी कापडावर खडूने आख, अंगाला लाव, मगच कात्री चालव. मी ते घराला लावलं.

आईला व्हीलचेअरवर दोन वर्षं झाली आणि तेवढाच काळ मी तिच्या घराचा प्लॅन काढतेय. (मध्ये कॉलेज संपलं, ते जाता जाता.) साडेतीन फुटी दारं, उंबरा नावाला नाही, बटणं बसल्या हाताला येणारी, बाथरूममध्ये चेअर गर्रकन फिरेल एवढी जागा. हॉल आणि स्वयंपाकघरात भिंतच नाही, एकदम मोकळं. (बाबांना हे आधी फार आवडलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की हल्ली स्वयंपाक ते करतात आणि आता आईला तो दिसणार.)

तर काल सकाळी आपल्या रिकाम्या प्लॉटवर मैदानावर मारतात तशी फक्की मारून अख्खं घर आखलं. खऱ्या मापाचं. मग घरच्यांना आणि गवंडीकाकांना बोलावलं. गवंडीकाकांनी फक्कीच्या दाराबाहेर चपला काढल्या, म्हणजे बघ किती खरं वाटत असेल. बाबा थेट स्वयंपाकघरात गेले आणि नसलेल्या ओट्यासमोर उभे राहून उदास झाले. मी हॉलमध्ये हातवारे करत गाइडसारखी सुटले होते. आई, इथून बघ, एकही भिंत आड येत नाही. वळून बघते तर आई बाहेरच. दारासमोर मी तीन रेघा मारल्या होत्या, त्यांच्या अलीकडे ब्रेक लावून बसलेली.

म्हटलं, "ये ना, नुसती फक्की आहे."

"फक्की कुठली? पायऱ्या आहेत ना त्या? मी चढत नाही आता पायऱ्या." चहात साखर घेत नाही म्हणतात ना, तशा आवाजात.

मावशी, जोतं दीड फूट उंच, म्हणून तीन पायऱ्या. सगळ्याच घरांना असतात म्हणून हात आपोआप मारत गेला. म्हणजे दोन वर्षं खपून मी असं घर काढलं, की आईला आत कुठेही जाता येईल, फक्त आत येता येणार नाही.

गवंडीकाका आतून म्हणाले, "ताई, दोघं मिळून उचलू की तुम्हाला."

"उचला. आणि परवा मला एकटीला कुठे जावंसं वाटलं, की तुम्हाला फोन करू?"

मग बाबा बाहेर गेले, घमेलं पालथं घालून आईशेजारी बसले आणि म्हणाले, "मलाही इथूनच बरं वाटतंय. ओटा दिसत नाही."

आई हसली म्हणून मी वाचले. चपलेने तीन रेघा पुसल्या आणि उतार आखायला घेतला. इंचाला एक फूट, म्हणजे अठरा फूट. अंगणात आखलेलं माझं लाडकं कारंजं त्याखाली गेलं. (बाबा म्हणाले, छान झालं.) आई त्यावरून आत गेली, वळली, बाहेर आली. परत आत, परत बाहेर. सात वेळा. खोल्या बघितल्याच नाहीत गं तिने. आणि हे सगळं विटा येण्याआधी झालं, ते तुझ्या खडूमुळे. मनापासून थँक्यू.

तुझी,
भाची

ता. क. बाबा विचारतायत, ओट्यापुढे अर्धी भिंत चालेल का. त्यांना तूच नाही सांग.

ता. क. २. फोन आई स्पीकरवर ऐकते, म्हणून पत्र. नव्या घरापासून तू चारच गल्ल्या लांब. तिथून पहिल्यांदा एकटी तुझ्याकडे जाणार, असं ती काल बाबांना म्हणत होती. पण तुझ्या दाराला दोन पायऱ्या आहेत. दोन वर्षं ती "बरं नाही" म्हणून तुझ्याकडे यायचं टाळते ना, ते बरं नसणं म्हणजे त्या दोन पायऱ्या. उताराला बारा फूट फळ्या लागतील, कुंड्या थोड्या सरकतील. गुरुवारी सुतार येईल, मापं मी दिलीत. तुला न विचारताच दिलीत, रागाव हवं तर. फक्त आईला सांगताना म्हण, की हे तुलाच सुचलं.