माफीची फिरती खुर्ची

रविवार, ७ जानेवारी
आजपासून संडेस्कूलचा 'शांती, न्याय आणि अहिंसा' हा वर्ग माझ्याकडे. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, दुसरं कोणी तयारच होत नाही. म्हणजे दुसरं कोणी लायक नाही, हे एकदाचं त्यांच्या लक्षात आलं. संकल्प: यापुढे आवाज चढवायचा नाही. सौ.ला सांगितला. तिने पुन्हा सांगायला लावला, मग आत जाऊन हसली. दुर्लक्ष केलं.

बुधवार, १० जानेवारी
नुसते धडे वाचून काही होत नाही, सिस्टिम लागते. ऑफिसातली मोडीत निघालेली फिरती खुर्ची चर्चच्या हॉलमध्ये नेऊन ठेवली. एक चाक गायब, तिथे वीट. ही माफीची खुर्ची. ज्याला मार बसला त्याने खुर्चीत बसायचं, मारणाऱ्याने समोर उभं राहायचं. बसलेल्याने "मी तुला माफ केलं" म्हणायचं. सगळ्यांनी टाळ्या. मारणाऱ्याला एक बिस्किट, कारण समोर उभं राहायलाही धैर्य लागतं. कोर्टात वर्षं जातात ते काम चुटकीसरशी.

रविवार, २१ जानेवारी
पहिलीच केस माझ्या भाचीची. गेल्या वर्षी बहीण हिला घेऊन आमच्याकडे राहायला आली, नवरा मारायचा म्हणून. तेव्हा मीच दारात म्हटलं होतं, या घरात कोणी हात उचलत नाही. असो. ऑर्गन वाजवणाऱ्यांचा मुलगा, ज्याला पोरं रणगाडा म्हणतात, त्याने हिला बाकावरून ढकललं. खुर्चीत बसली तर पाय जमिनीला टेकेनात. पण डोळ्यांत टिपूस नाही, एका दमात माफ करून मोकळी. पोरगी माझ्या वळणावर गेली आहे.

रविवार, २८ जानेवारी
जोरदार प्रोग्रेस. मारामाऱ्या वाढल्या असं वरवर बघणाऱ्याला वाटेल. वाढल्या त्या माफ्या. भाची सगळ्यात पटकन माफ करते, त्यामुळे सगळे तिलाच मारतात. तिच्यापुढे रांग असते. बिस्किटांचा दुसरा पुडा आणावा लागला.

मंगळवार, ३० जानेवारी
बहिणीने भाचीच्या दंडावरचे वळ दाखवले. शांतपणे समजावलं. म्हटलं, तू वेळीच माफ करायला शिकली असतीस तर आज स्वतःच्या घरात असतीस. ती भाचीची बाही खाली ओढून आत गेली. पटलं असावं. सौ.ने मात्र भांडी आपटली. हिलाही वर्गात बसवायला हवं.

शनिवार, १७ फेब्रुवारी
उद्या डेमो. आजूबाजूच्या सगळ्या चर्चचे पाळक येणार. त्यांना आवडलं की सगळीकडचं तरुणांचं काम माझ्याच गळ्यात पडणार. नाही म्हणणार नाही.
रंगीत तालमीला भाचीने ऐन वेळी खोडा घातला. म्हणाली, "मामा, मला खुर्चीत नको बसवू. मला माफ करायचंच नसतं."
म्हटलं, करायचं नसतं तेव्हा केली तीच खरी माफी. वाक्य फार सुंदर झालं. भाषणात घेतलं.

रविवार, १८ फेब्रुवारी. दुपारी
भाषण उत्तम. ते वाक्य दोनदा म्हटलं.
रणगाड्याला 'हळू मार' सांगितलं होतं, पण पाहुणे बघून त्याला चेव आला. भाचीचा ओठ फुटला. थोडं रक्त आलं, पण मागच्या बाकांपर्यंत परिणाम पोचला. ती खुर्चीत बसली. आणि हिने टेबलाला हात लावून खुर्ची गर्रकन फिरवली. सगळ्यांकडे पाठ. मी हसत हसत सरळ केली. तिने पुन्हा फिरवली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मी पुन्हा सरळ केली, तिने पुन्हा फिरवली, वीट निसटली.
पुढचं धड आठवत नाही. हात माझाच होता असं सगळे म्हणतात.
भाची जमिनीवर. मग वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. रणगाडा उठला आणि त्याने मला त्याचं बिस्किट आणून दिलं.
मुलांच्या लक्षात राहतं. वर्ग अगदीच वाया गेला म्हणता येणार नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी
बहीण भाचीला घेऊन आपल्या मैत्रिणीच्या गावी गेली. बॅगा सौ.ने भरून दिल्या. जाताना बहीण एवढंच म्हणाली, "माझा नवरा निदान अहिंसा शिकवत नव्हता."
रागात माणूस काहीही बोलतो. मी मनावर घेतलं नाही. दिवसभर घेतलं नाही.

रविवार, ३ मार्च
वर्ग बंद. पाळकसाहेबांनी मला बाहेर गाड्या लावून घेण्याचं काम दिलं आहे. तिथेही शिस्त लागतेच. खुर्ची घरी आणली, सौ. तिच्यावर कपडे टाकते. माझ्याशी बोलत नाही.
बहिणीला फोन केला. बऱ्याच वेळाने उचलला. म्हणाली, नव्या शाळेत भाचीला कोणीतरी धक्का दिला, तर कोणी दिला हे बघायच्या आधीच, पडल्या पडल्या ही म्हणाली, मी तुला माफ केलं. मला भरून आलं. संस्कार कुठे जात नाहीत. म्हटलं, दे तिला फोन. मागून तिचा आवाज आला, "नको."
लहान आहे. मी मोठ्या मनाने म्हटलं, असू दे, तिला सांग, मामाने तुला माफ केलं.
दोनदा हॅलो म्हटलं. फोन केव्हाच ठेवला होता.
पुढच्या रविवारी पुन्हा लावून बघतो. गाड्या लागल्या की मी मोकळाच असतो.