दहा बोटं

किन्हीराजा, शनिवार

वनू बाई,

पहिले तर शेजारची गोजराबाईच आली, चहाच्या वासानं. मंग दवाखान्यातली नर्स आली, तुह्या बापाच्या जिभेची गाठ पाहाले. लय दिसानं हासली मी, पोट दुखलं!

नर्स म्हणे, "बाबा, दहापैकी किती दुखतं? पाचाच्या वर असेल तर मॉर्फिन सुरू करू, नाहीतर तापाची साधी गोळीच." त्यायले आता बोलता येत नाही. त्यायनं दोनी हात वर करून दहाही बोटं दाखवली.

मी म्हटलं, "नमस्कार करून राह्यले तुमाले. दुखणं दोनच हाय."

नर्सनं हात जोडले अन् दोन लिहिलं. गोजराबाई म्हणे, "शेवटी नमस्कार कराले शिकला म्हातारा!" ते रडाले लागले.

त्यायनं काठीनं तुहा हात मोडला, तवा डॉक्टरनं तुलेच इचारलं होतं, किती दुखतं म्हणून. तुह्या आधी त्यायनंच सांगितलं, "तिले काही दुखत नाही, इंजेक्शन कायले?" तसंच हाड बसवलं होतं तुहं.

हे पत्र धाडत नाही. तू मऊ हायेस, गोळ्या घेऊन येशीन. छकुलीले आजीचा पापा.

नर्स शुक्रवारी परत येतो म्हणाली. आज तर शनिवारच हाय.

खुशीत असलेली,
तुही माय