तुमच्या जावयाची बढती

विहीणबाईंना नमस्कार. रागात असाल तर लांबूनच नमस्कार.

गुडघे काय म्हणतात? व्याह्यांचा खोकला? (त्यांची पेन्शन अर्धी झाली, ठाऊक आहे मला. सही आमच्याच दिवट्याची. म्हणून तर सूनबाई तुमच्याकडे येऊन बसलीय आणि त्याचा फोन उचलत नाही.)

आता त्याची बढती कशी झाली ते ऐका. देशाची तिजोरी आटायला लागली तसे अर्थखात्यातले मोठे साहेब एकेक करून आजारी पडले. एकाची कंबर धरली, दुसऱ्याला चक्कर, तिसरा परदेशी लेकीचं बाळंतपण करायला गेला. (बाप्या माणूस!) जो गेला त्याच्या खुर्चीत आमचा. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, इथं तर वासरंही पळालेली. रोज टीव्हीवर येऊन सांगायचा, "घाबरू नका." तोंड असं करून, की मीच घाबरायचे. त्यात एकदा साखर स्वस्त दिसली म्हणून मी दोन पिशव्या जास्त घेतल्या. शेजारीण ओरडली, "अगं बाई, साहेबाची आईच साठा करतेय!" झालं, गल्लीभर रांग, संध्याकाळी दुकानात मीठसुद्धा उरलं नाही. मंत्र्यांनी त्याला उभं करून विचारलं, "आईला काय सांगितलंत?" तेव्हापासून मला दुकानात जायची चोरी.

पेन्शनच्या कागदावर सही करायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "तूही पड की आजारी, मेल्या." तर म्हणाला, "आई, अर्धी केली नाही तर पुढच्या महिन्यात कुणालाच काही मिळणार नाही." माझीही अर्धी त्यातच गेली. सही करून आला आणि बूट न काढता बसून राहिला.

बाकी काय लिहू? राग असू द्या, पण थोडं पाणी घालून.

ता. क. सूनबाईला पाठवा. एवढ्या मोठ्या साहेबाची बायको माहेरी बरी दिसत नाही.

ता. क. आणखी एक. साहेब वगैरे मी उगाच लिहिलं. मोर्चा आला, मंत्र्यांनी याच्याकडे बोट दाखवलं आणि परवा याला काढून टाकलं. आजारी होते ते सगळे खडखडीत बरे होऊन परत खुर्च्यांत बसलेत. हा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतो आणि भिंतीकडे बघत बसतो. तुम्ही मायलेकी दोघी या आणि त्याला मनसोक्त शिव्या द्या. मी देऊन पाहिल्या, पण आईच्या शिव्यांनी तो रडत नाही, आणि रडल्याशिवाय काही जेवायचा नाही.