प्लगच्या भोकात अडकलेला पाना

माय, तू गेलीस तेव्हा आपल्या घरात सायकलसुद्धा नव्हती, त्यामुळं आज माझं काय झालंय ते तुला आधी समजावून सांगावं लागेल. मी एक जुनी मोटार घेतलीय. परवापासून ती गचके खात चालायली. तिच्या इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग असतात, खोल भोकांत बसवलेले, त्यातला एक गेलेला. कमलनगरचा मेस्त्री लग्नाला गावाला गेलाय. म्हटलं, प्लग बदलणं म्हणजे काय मोठं काम, लोक मोबाईलवर बघून करतात. नवा प्लग आणला, नळीसारखा पाना लांब दांडीला लावून भोकात घातला, जुना प्लग सुटलाही. मग दांडी वर ओढली तर नुसती दांडीच हातात आली. पाना प्लगला धरून खालीच बसलेला. तिथं बोट जात नाही, चिमटा पोचत नाही. आणि उद्या सकाळी तुझ्या सुनेला बिदरला न्यायचंय.

तिच्या किडन्यांनी काम सोडलंय, माय. आठवड्यातून दोनदा तिला मशीनला लावतात, अंगातलं रक्त बाहेर काढून धुतात आणि परत आत सोडतात. खेप चुकली की पाय सुजतात, मग दम लागतो. मागच्या वेळी डॉक्टरनं मला बाजूला बोलावून सांगितलं, आता एकही खेप चुकवू नका, हृदय थकलंय त्यांचं. तिला मी ते सांगितलं नाही, पण ती दाराशीच बसली होती. आधी आम्ही जीपनं जायचो. एकदा येताना भरल्या जीपमध्ये तिला उलटी झाली, शेजारच्या बाईच्या लुगड्यावर. त्या बाईनं उलट हिलाच पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, पण तुझी सून मानी. तेव्हापासून तिनं जीपचं नाव टाकलं, म्हणून ही मोटार आली.

दुपारभर त्या भोकात डोकं घालून बसलो आणि मला तू आठवत राहिलीस. आपल्या मेहकरात आडात कुणाची घागर पडली की बाया तुझ्याकडं गळ मागायला यायच्या. आढ्याला टांगलेला तो लोखंडी आकड्यांचा झुबका. गळ द्यायच्या आधी तू त्यांचा तांब्या नाहीतर वाटी ठेवून घेतेस, फुकट नेलेल्या गळाला भांडं लागत नाही म्हणतेस. वरच्या गल्लीतल्या बायाही येतात. त्यांना आपला गळ चालतो, आपल्या हातचं पाणी चालत नाही. तू त्यांचाही तांब्या ठेवून घेतेस आणि दारात बसून, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं, त्याच तांब्यानं घटाघटा पाणी पितेस. मला तेव्हा भीती वाटायची. आता त्या आठवणीनं एवढ्या वैतागातही हसू आलं.

एकदा मी हट्टानं गळ सोडला होता. जरा कुठं लागल्यासारखं झालं की हिसका मारायचो, आणि घागर सुटून पुन्हा तळाला. तू दोरी माझ्या हातातून काढून घेतलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "कामून हिसकायलास? तुला घागर काढायचीय का तिच्यावर राग काढायचाय?" माय, मी आता तुझ्याहून म्हातारा झालोय, पण तो स्वभाव काही गेला नाही. आज सायकलची तार वाकवून आकडा केला, पान्याच्या काठाला अडकवला आणि पुन्हा तेच, हिसका. पाना तिरपा होऊन घट्ट रुतला. बोनेटवर मुठी मारल्या, शिव्या दिल्या.

आवाजानं ती बाहेर आली, ओट्यावर टेकली. "निघंना व्हय?"

"न्हाई."

"मग राहू द्या की. कामून जीवाला एवढं लावून घ्यायलाव?"

"उद्या जायचं हाय. कुणाची तरी गाडी मागतो."

"कुणाला मागू नका," ती म्हणाली आणि बाही वर केली. सुया टोचून टोचून हाताला गाठी आल्यात, मी सहसा तिकडं बघत नाही. "कंटाळले वो मी. एक सकाळ मला माझ्या घरी उठू द्या."

मी तिच्यावर खेकसलो. ती उठली. आत गेली आणि दवाखान्याची भरून ठेवलेली पिशवी तिनं रिकामी केली. लुगडं घडी करून पेटीत, चादर खुंटीवर, हाताला लावायची चिकटपट्टी फळीवर. मग आडवी झाली.

ती चिकटपट्टीच मी उचलून आणली. दांडी पान्यात घट्ट बसावी म्हणून तिच्या टोकाला दोन वेढे दिले, तारेनं पाना हळूच सरळ केला, दांडी वरून दाबून बसवली आणि हात हलका ठेवून वर घेतली. पाना आला, माय. त्याच्या तोंडात जुना प्लगही. नवा बसवला आणि लहान पोरासारखा घरात धावलो.

ती झोपली होती. दवाखान्याच्या आदल्या दिवशी तिला झोप लागत नाही, भिंतीला टेकून बसलेली असते. आज कपाळावर एक आठी नव्हती. असा चेहरा मी कधी बघितला होता ते मला आठवेना. मी दारातूनच परत फिरलो. आता ओट्यावर बसून हे लिहायलोय. तुला तर अक्षरओळखही नव्हती, हे कुणाला पाठवणार. पण मला कुणीतरी सांगायला पाहिजे की मी तिला ओढत नेतो ते तिच्यासाठी का माझ्यासाठी. ती गेली तर या घरात मी कुणावर चिडू? मला एकट्याला चहासुद्धा गोड लागत नाही. आणि नेली तरी किती दिवस? मला काहीच सुचत नाही, माय. मी पार हरलोय.

दिवे लागले आत्ता. आतून तिचा आवाज आला, "निघाला का वो?"

पाना माझ्या मांडीवर होता. मी म्हटलं, न्हाई.