कालचा गाल

आई, पाया पडते आणि आधीच सांगते, मी बरी आहे.

दाढ काढली. माझ्यासारखीच हट्टी, तुकड्यातुकड्यानं निघाली. जखम भरतेय. सूज वाढली तर लगेच या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. पण वाढली की उतरली, हे सांगायला कालचा गाल पाहिलेलं माणूस नको का? आरशात बघून बघून मला काही कळेनासं झालंय, आणि कारखान्यात दिवसभर तोंडावर मास्क.

म्हणून रोज त्याच औषधवाल्याकडे जाते, उगाच कापूस घेते. आज तो म्हणाला, "उतरली की हो सूज!" दुकानातच डोळे भरून आले, वेड्यासारखे.

कापूस एवढा साठलाय की उशी होईल.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा रोज बघतात ना? त्यांना म्हणावं, बघत जा.

तुझं शेंडेफळ