ये हं

२२ नोव्हेंबर १९९८

आले बाई एकदाची सासरी! नारायण पेठेतून शुक्रवार पेठेत, म्हणजे रिक्षावाल्याने मीटर टाकतानाही तोंड वाकडं केलं. निघताना आईने डोळ्यांना पदर लावून "ये हं" म्हटलं. आमच्याकडे गॅस सिलिंडर आणणाऱ्यालाही "ये हं" म्हटल्याशिवाय दारातून सोडत नाहीत. जिभेला सवयच आहे.

अडतिसाव्या वर्षी लग्न झालं की लोकांना वाटतं, हिच्यावर उपकार झाले. वाटू दे. श्रीधर बँकेत आहेत, शांत आहेत, बोलतात बेतानं. पहिली बायको प्रेमला दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली. तिची कौतुकं मला ऐकवायची नाहीत, हे मी आधीच सांगून टाकलंय. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, स्वयंपाकघरातून मंडईचा कळस दिसतो. कोथिंबीर संपली की चप्पल अडकवायची आणि खाली उतरायचं. आणखी काय पाहिजे माणसाला?

२६ नोव्हेंबर

बाहेरच्या खोलीत एक मोठी काचेची टाकी आहे. तळाशी वीतभर वाळू, वर पाणी, मासा एकही नाही. मला वाटलं, रिकामी आहे. श्रीधर म्हणाले, नीट बघ. बघते तर वाळूतून एक टोकदार नाक वर आलेलं, त्यामागे दोन बारीक डोळे. वाम आहे म्हणे, सापासारखा लांबट मासा. प्रेमलाने माहेरच्या विहिरीतून आणली तेव्हा करंगळीएवढी होती, आता चांगली हातभर झालीय. दिवसभर स्वतःला वाळूत पुरून घेते, दिवेलागणीला बाहेर येते. कुंड्यांतली गांडुळं खाते. आमच्या घरी मासा कधी ताटात आला नाही, आणि इथे पाहुण्यांसारखा बाहेरच्या खोलीत!

असो. मुक्या जिवाशी माझं काय वाकडं.

९ डिसेंबर

आज फजिती झाली. मी कणीक मळत होते, बाहेरून "अगं" अशी हाक आली. इतक्या मायेनं, की मी पिठाच्या हातांनी धावले. श्रीधर टाकीपाशी स्टुलावर बसून तिला सांगत होते, अगं, आज साहेबांनी असं केलं, अगं, आज कॅश जुळेना. वाम वाळूतून अर्धी बाहेर येऊन ऐकत होती. मला बघून आत शिरली.

मी त्यांना "अहो" म्हणते, ते मला "उल्का" म्हणतात, हजेरी घेतल्यासारखं. लिहायला लाज कसली, तो "अगं" मला हवाय. या वयात मी दागिने मागितले नाहीत, फिरायला न्या म्हटलं नाही. एवढा एक शब्द.

१४ जानेवारी १९९९

पहिली संक्रांत. श्रीधरनी कपाटातून काळी चंद्रकळा काढून हातात दिली. मी विरघळलेच. नेसले, आईने केलेले हलव्याचे दागिने घातले आणि समोर जाऊन उभी राहिले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. टाकीकडे वळून म्हणाले, "अगं, बघ. तुझी साडी बसली हिला."

तेव्हा ती भर दुपारी वाळूतून सगळीच्या सगळी बाहेर आली, काचेला नाक लावलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

मी आत जाऊन साडी सोडली आणि कात्री घेऊन तिचं पोतेरं केलं. त्याच पोतेऱ्यानं टाकीसमोरची फरशी पुसली, दोनदा, तिला दिसेल अशी. तरी जीव थंड झाला नाही. मी सूड घेणार आहे. मासा तर मासा.

१६ जानेवारी

घेतला! श्रीधर बँकेत गेल्यावर जाळीनं तिला काढली. पाठीवरचे काटे तळव्यात घुसले, रक्त आलं, पण सोडली नाही. दुधाच्या किटलीत कोंबून झाकण लावलं आणि स्वारगेटहून खडकवासल्याची बस धरली. कंडक्टरने विचारलं, दूध तिकडून इकडे येतं, तुम्ही उलटं कुठे निघालात? मी म्हटलं, नासलंय, परत करायला चाललेय.

धरणाच्या काठाला किटली उपडी केली. ती जाईना. उथळ पाण्यात माझ्याकडे तोंड करून थांबली. तेव्हा माझी सवयीची जीभ बोलून गेली, "ये हं." मग गेली.

स्वतःशीच हसले. काठावर कांदाभजी खाल्ली. इतकी चवीनं कित्येक दिवसांत खाल्ली नव्हती.

१७ जानेवारी

मला श्रीधरनी रडायला हवं होतं. ओरडले असते तरी चाललं असतं. त्यांनी फक्त विचारलं, कुठे सोडलीस. मी सांगितलं. ते उठले, टाकीत ताजं पाणी भरलं, वाळू हातानं सारखी केली. म्हणाले, येईल की. आपल्या नळाला खडकवासल्याचंच पाणी येतं.

मला वाटलं, चेष्टा करतायत.

२५ जानेवारी

नळाला वाळू येतेय. माठात वाळू, तांदळात वाळू, गादीत वाळू. शेजारच्या तुळजाबाईंकडे पाणी स्वच्छ आहे, मी जाऊन बघून आले. आज मंडईतून तापून आले आणि नळाखाली ओंजळ धरून प्याले. पाण्याबरोबर काहीतरी गार, शेवयीसारखं, घशातून खाली गेलं. ओकायचा प्रयत्न केला. काही पडलं नाही.

३ फेब्रुवारी

प्रेमलाची आई आली होती, मथुराबाई. शेंगा घेऊन आली. रिकामी टाकी बघून डोळे भरले तिचे. मी खरं सांगून टाकलं, मी कुणाला भीत नाही. तिनं माझा तळहात उलटा केला, काट्यांचे व्रण बघितले आणि विचारलं, "पान्यात सोडताना जा म्हनलीस का ये म्हनलीस?"

मी म्हटलं, ये. आमच्यात जा म्हणत नाहीत.

तिच्या तोंडावर हसू पसरलं. म्हणाली, त्यांच्याकडे पाण्यात सोडलेल्याला ये म्हणत नसतात, ते येतं. मग तिनं नारळ मागून माझी ओटी भरली. भरताना बघत होती माझ्या पोटाकडे. चेहऱ्याकडे एकदाही नाही.

१२ फेब्रुवारी

पोटात हलतंय. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली. दिवस गेलेले नाहीत म्हणाल्या, गॅस असेल. गॅस डावीकडून उजवीकडे असा लांबच लांब सरकतो का? श्रीधर शेजारीच होते. हसले. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

१८ फेब्रुवारी

आईकडे जायला निघाले. जिना उतरवला नाही. पोटात असं पिळलं की तिसऱ्याच पायरीवर बसले. वर वळले की थांबतं. खाली वळले की —

घराबाहेर जाऊ देत नाही ती मला.

२३ फेब्रुवारी

कुंड्या उकरलेल्या. तुळशीचीही. श्रीधर बँकेत होते. माझ्या नखांत माती. दातांतही. आई गं, मी काय खाल्लं —

२६ फेब्रुवारी

उजेड सोसत नाही. गोधडीखाली बरं वाटतं. गादीतली वाळू आता झाडत नाही. ओली असली की —

नाही. हे मला नाही वाटत. मी उल्का. मला वाळू आवडत नाही. मी उल्का.

१ मार्च

पाठीच्या कण्यावर काटे. हात फिरवला तर रक्त. श्रीधरना दाखवलं — त्यांनी बोट फिरवलं, हळूच, खालून वर, टोचू नये असं. त्यांना माहीत आहे कसं — सवय आहे —

२ मार्च

मी चुकले. जा म्हणते. जा, जा, जा. टाकीपाशी जाऊन म्हटलं, मोरीत म्हटलं, पोटावर हात ठेवून म्हटलं. आत ती हसते. हसली की माझे खांदे हलतात.

३ मार्च

श्रीधर आत्ता आलेत. बूटही काढले नाहीत. स्टूल माझ्यापाशी आणलंय. माझ्या पोटाला कान —

म्हणाले, "अगं, आलीस?"

अगं म्हणाले. मला — नाही, मला नाही — मी नाही म्हणायला तोंड उघडलं तर — हात माझा आहे पण लिहितंय —

आले हं.

माजी साडी कुटं हाय गं? पोतेरं केलंस? फरशी पुसलीस, मला दाखवून? थांब. आता तुजंबी —